कोपऱ्यावर न थांबणारं मशीन

पाऊस आदल्या दिवसापासून जो लागला तो थांबायचं नाव घेईना. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेलेला, म्हणजे बस नाही, दूधवाला नाही आणि लाईट तर सकाळीच गेलेले. घरात माणसं दोनच, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचेही नवरे मागेच गेले. त्यांचा मुलगा शहरात असतो, मला मूलबाळ नाही. मी पुढच्या खोलीत बटाटे सोलत बसले होते आणि जाऊबाई मागच्या खोलीत शिलाईचं मशीन चालवत होत्या. दाराला आतून कडी लावून.

आता तुम्हीच सांगा, घरात दोन बायका, बाहेर चिटपाखरू नाही, मग कडी कुणासाठी? माझ्यासाठीच की. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून त्या दाराची कडी गंजून बसली होती. ती आताच बरी सरकली.

बरं, मशीन चाललं होतं तेही धड नाही. जाऊबाई शर्ट शिवतात आणि मी त्यांची काजं-बटणं करते, असंच आमचं वर्षानुवर्षं चालत आलंय. त्या मशीनचा आवाज माझ्या कानात इतका बसलाय की भिंतीआडून मी सांगेन बाही चालली आहे की खिसा. कॉलर तर झोपेत ओळखेन. कॉलरीला टोकं असतात, टोकाशी मशीन थांबतं, कापड वळवायचं आणि मग पुढची टीप. सकाळपासून मात्र मशीन नुसतं पळत होतं. ना टोक, ना वळण. आणि खाली कापड असलं की आवाज जरा दबका येतो, तसा हा नव्हता. कोरडा खडखडाट होता नुसता.

मशीन रिकामं चाललं होतं.

माझा हात बटाट्यावरच थांबला. रिकामं मशीन कोण चालवतं? ज्याला काम करतोय असं दाखवायचंय, तो. मग आत चाललंय तरी काय?

जाऊबाईंबद्दल आधी थोडं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई उगाच संशय घेते. थोरले दीर गेले तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत जायचा. चार नातेवाईक जमले, चहा प्यायले आणि काखा वर करून निघून गेले. जाऊबाईंनी दिरांची जुनी पँट उसवली, तिचे भाग जमिनीवर पसरले आणि ती कशी शिवलेली असते ते बघून बघून शिवणकाम शिकल्या. शिकवायला कोणी नाही. पहिला शर्ट शिवला तो पोस्टमनचा. त्याची एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली, आणि तो भला माणूस म्हणाला, असू दे, माझा हा हात पत्रं देऊन देऊन लांब झालाय. पुढे आसपासच्या गावांतून लोक यायला लागले. टेप लावायच्या आधीच जाऊबाई माणसाकडे एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "पोट वाढलंय." माणूस ओशाळायचा. टेप मग त्यांचंच म्हणणं खरं करायची.

बोलणं मात्र कमी. दिवसभर तोंडात टाचण्या धरून धरून ओठ मिटायची सवयच लागली त्यांना. मनातलं म्हणाल तर ताकास तूर लागू देतील तर शपथ. मला "धाकटे" म्हणतात, दोन शब्दांत काम सांगतात आणि पुन्हा मान खाली. मी एकटी बडबडते, त्या ऐकतात किंवा ऐकत नाहीत. इतकी वर्षं असंच चाललंय आणि मला त्यात काही कमी वाटलेलं नाही.

पण हल्ली पाणी कुठेतरी मुरत होतं. बरेच दिवस माझ्याकडे एकही शर्ट बटणाला आला नव्हता. गिऱ्हाईक कापड देऊन जात होतं, मी डोळ्यांनी बघत होते. मग ते कापड जायचं कुठे? मला वाटलं, बटणं दुसरीकडे दिली असतील. पिठाच्या गिरणीवालीची सून परवा आमच्या दारात जरा जास्तच रेंगाळली होती. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

मध्यंतरी मशीनचं तेल आणायला म्हणून जाऊबाई बसने तालुक्याला गेल्या. संध्याकाळी आल्या त्या तेल न घेताच. मी विचारलं तर म्हणाल्या, "मिळालं नाही." तालुक्याच्या गावात तेल मिळत नाही? आणि आज सकाळी, पावसाच्या आवाजातही मी ऐकलं, कॉटखालची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. एकदा नाही, दोनदा.

ट्रंक म्हटल्यावर मला बांधाबांधच दिसायला लागली. कारण पुतण्या मागे आला होता तेव्हा जाताना स्पष्ट बोलून गेला होता. "काकू, आईला मी कधीच नेलं असतं. ती म्हणते मशीन आहे, गिऱ्हाईक आहे. ठीक आहे. पण ज्या दिवशी ते मशीन थांबेल त्या दिवशी मी तिचं काही ऐकणार नाही. गाडी घेऊन येईन आणि घेऊन जाईन." त्याने खोलीसुद्धा तयार ठेवली आहे म्हणे, खिडकीपाशी खुर्ची टाकून. मुलगा चांगला आहे, त्याला नावं ठेवणार नाही मी. पण त्या गेल्या तर या घरात मी आणि कौलांवरचा पाऊस. एवढं बोलणारी मी, बोलणार कुणाशी? भिंतींशी?

तर माझा हिशेब पक्का झाला. जाऊबाई चोरून बांधाबांध करत आहेत. मला कळू नये म्हणून मशीन रिकामं पळवत आहेत. तालुक्याला गेल्या त्या मुलाला निवांत फोन करायला. पाऊस ओसरला की गाडी दारात, आणि मला म्हणणार, येते गं धाकटे. मला इतका राग आला की हातातला बटाटा सोलून सोलून लिंबाएवढा झाला.

मी उठले. बादली घेतली आणि दार वाजवलं.

"वहिनी, दार उघडा. मागच्या कौलातून गळतंय, ट्रंकेवर पडेल."

मशीन थांबलं. "इथे काही गळत नाही."

"तुम्हाला दिसत नसेल. मला बघू दे."

मग कडी निघाली. मी बादली घेऊन आत शिरले आणि सरळ कॉटपाशी गेले. ट्रंक उघडीच होती. मनात म्हटलं, सापडल्या.

"झाली का बांधाबांध?" मी विचारलं. "मला कधी सांगणार होतात? गाडी दारात आल्यावर?"

"कसली बांधाबांध?" जाऊबाई म्हणाल्या.

मी ट्रंकेत बघितलं. त्यांचे कपडे त्यात नव्हतेच. कापड होतं. मास्तरांचं निळ्या रेघांचं, पोस्टमनचं खाकी, गिरणीवाल्याचं पांढरं, सगळं जसं आलं तसं घडी घालून ठेवलेलं. वर एक शर्ट होता, त्याची कॉलर एका बाजूला अशी पळालेली की पोस्टमनची ती पहिली बाही परवडली. टीप उसवून पुन्हा मारलेली, पुन्हा उसवलेली. कापडाला भोकं पडली होती.

मशीनच्या सुईत दोरा नव्हता. पाटावर दोऱ्याचे लहान लहान तुकडे पडले होते, तोंडात घालून ओले केलेले, टोकं पिंजलेली. ढीगभर. सुई ओवायचा प्रयत्न करून करून टाकलेले.

मी बादली खाली ठेवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मधलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "कडेचं दिसतं. तू दिसतेस, तुझं तोंड दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. मागचा पडदा गेलाय म्हणाले, ऑपरेशनने येणार नाही."

"आणि तेल आणायला जाते म्हणालात."

"मग काय सांगू? तुला सांगितलं की त्याला कळणार. मागे माझा खोकला कोणी कळवला होता त्याला? मशीन थांबलं तर तू संध्याकाळच्या आत फोन करशील, हे मला ठाऊक नाही?"

म्हणजे मी दाराच्या या बाजूला बसून त्यांच्यावर संशय घेत होते आणि त्या त्या बाजूला बसून माझ्यावर. मला हसावं की रडावं कळेना. खोकला मीच कळवला होता, ते खरं होतं. "खोकल्याचं वेगळं होतं," मी म्हटलं.

"मला त्या खुर्चीत नाही बसायचं गं, धाकटे," त्या म्हणाल्या. "तो प्रेमाने बसवेल. पण नाही बसायचं." आणि त्यांनी पदर नाही की रुमाल नाही, मास्तरांच्या निळ्या कापडातच तोंड घातलं. मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, दीर गेले तेव्हासुद्धा. कुठे हात ठेवावा तेही मला समजेना. मी आपली पाटावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत बसले.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. पुतण्याच होता. टीव्हीवर पुराचं बघितलं असणार.

"काकू, ठीक आहात ना? पाणी घरापर्यंत नाही ना आलं?"

"नाही रे बाबा. ओढ्यापलीकडेच आहे."

"आईला दे जरा."

जाऊबाईंनी मान हलवली. रडक्या आवाजात एक शब्द बोलल्या असत्या तर पोराला सगळं कळलं असतं.

"त्या मशीनवर आहेत," मी म्हटलं. "मधेच कसं उठवू?"

"मशीनवर?" तो म्हणाला. "मग आवाज कसा येत नाही? काकू, खरं सांग, आईला बरं नाही का? तू बोलतेस तेही वेगळंच बोलतेस."

संशय घ्यायचा स्वभाव आमच्या घराण्यातच आहे म्हणायचा. खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पोरगा हक्काचा, आणि डोळे गेले होते त्याच्याच आईचे. पण मला तिकडे त्या खिडकीपाशी ठेवलेली खुर्ची दिसत होती आणि इकडे माझी रिकामी ओसरी. मी जाऊबाईंसाठी खोटं बोलले असं म्हणायला बरं वाटतं. अर्धं तरी मी माझ्यासाठीच बोलले.

"पावसात ऐकू येत नसेल तुला," मी म्हटलं. "थांब, फोन जवळ नेते."

फोन मी जाऊबाईंच्या हातात कोंबला, त्यांचा हात मशीनजवळ आणला आणि स्टुलावर बसून पॅडलवर पाय ठेवले. जन्मात कधी चालवलं नव्हतं ते मशीन मी. पहिल्यांदा चाक उलटंच फिरायला लागलं. मी ते हाताने धरून सुलटं केलं आणि पाय मारले. मशीन पळायला लागलं. मग मला आठवलं की हा पोरगा याच आवाजात लहानाचा मोठा झालाय, अभ्यास यातच, झोप यातच. रिकामं पळणारं मशीन जसं मला कळलं तसं त्यालाही कळेल. खाली कापड हवं. मी मास्तरांचं निळं कापड ओढून सुईखाली सरकवलं. दोरा नव्हता, सुई नुसतीच भोकं पाडत चालली. आवाज दबका झाला.

थोडं चालवलं आणि थांबले. कोपरा वळवायला लागतो तेवढी थांबले. पुन्हा चालवलं. पुन्हा थांबले.

फोनमधून त्याचा आवाज आला, एकदम हलका झालेला. "कॉलर आहे ना गं, आई?"

जाऊबाईंनी फोन तोंडाशी नेला. "हो," म्हणाल्या. "ठेव आता. काम आहे."

फोन बंद झाला. मी पॅडलवरून पाय काढून घेतले. बाहेर पाऊस तसाच होता. जाऊबाई माझ्या अंगावरून हात नेऊन सुईखालचं कापड चाचपत होत्या, बोटांनी भोकांची ओळ मोजल्यासारखी करत.

"दुसरा कोपरा फार लवकर घेतलास," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा कॉलरीत कोंबडीची मान नाही मावायची."

"मग नीट शिकवा," मी म्हटलं आणि सुई ओवायला घेतली.