बबनभाऊला समजेल असं सांगा

आमच्या स्टॅम्पिंगताईंनी मला कितीतरी वेळा अमेरिकेचा साहेब केलं. खराखुरा नव्हे, त्यांच्या किचनमधला. ओट्याच्या आत मला उभं करायच्या, गळ्यात टाय अडकवायच्या आणि ओट्याच्या बाहेर एखादा घाबरलेला इंजिनीअर. व्हिसाच्या मुलाखतीची तालीम. आता बघा, न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या फरसाणाच्या दुकानात शेव तळणारा, सातवीत बसला तो तिथेच बसून राहिलेला माणूस मी, आणि माझ्यासमोर एमटेक झालेली पोरं थरथर कापायची. घरी बायकोसमोर मी कापतो, त्याची भरपाई व्हायची.

ताई नागपूरच्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या, एका बँकेच्या कॉम्प्युटरचं काम बघायच्या. खरं नाव सगळ्यांना माहीत, पण वापरायचं कोणी नाही. ज्याला त्याला स्टॅम्पिंगचं विचारायला त्यांच्याकडेच जायचं असायचं. फोटो केवढा लागतो, वकिलातीच्या खिडकीशी काय बोलायचं, सगळं त्यांना पाठ. मला हे स्टॅम्पिंग म्हणजे काय ते कळेना. त्या म्हणाल्या, "भाऊ, इथे राहायचा कागद वेगळा न परत आत यायचा शिक्का वेगळा. गाडीच्या पीयूसीसारखं समजा. गाडी चांगली असली तरी काढावंच लागते." मग कळलं. माझी गाडी चांगली नव्हती तरी पीयूसी मिळायचं, ती गोष्ट वेगळी.

एकदा पुण्याचा एक मुलगा तालमीला आला. मी साहेबी आवाजात विचारलं, "व्हॉट यू डू इन कंपनी?" तो सुरूच झाला. क्लाउड म्हणाला, डेटा म्हणाला, पाइपलाइन म्हणाला. मी टाय सैल करून ताईंना विचारलं, "प्लंबर आहे का हा?" मुलगा लालबुंद. ताई हसून हसून ओट्याला टेकल्या. "अरे, बरोबर आहे न त्यांचं. तो खिडकीतला साहेब काही तुझा टीम लीड नाही. बबनभाऊला समजेल असं सांग."

हे वाक्य त्या प्रत्येकाला ऐकवायच्या. मी फुगलो. घरी बायकोला म्हटलं, माझ्या नावाने शिकवण्या चालतात वरती. ती म्हणाली, "अहो, तुमच्यापेक्षा कमी समजणारा त्यांना अख्ख्या न्यू जर्सीत सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ."

बायको माझी नर्स. तिच्या नोकरीवर आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं. मी तिच्या सामानात आलो. आणि ताई, एवढ्या शिकलेल्या, वर्षानुवर्षं त्याच कार्डाच्या रांगेत. पण कधी कुरकुर नाही. आमच्याकडे जेवायला आल्या की म्हणायच्या, "भाऊ, तुम्ही घरचे, मी पाहुणी. वाढा आग्रह करून." आणि मी आग्रह करण्याआधीच भात वाढून घ्यायच्या.

आधी ताई शिक्क्यासाठी मेक्सिकोला जायच्या. चार-पाच दिवसांत परत. येताना माझ्यासाठी कसली कसली मिरचीची भुकटी आणायच्या. त्यातली एक मी शेवेत टाकून बघितली आणि मालकाने मला आठवडाभर कढईजवळसुद्धा फिरकू दिलं नाही. मग नियम बदलला. मेक्सिको नाही, कॅनडा नाही, ज्याने त्याने आपापल्या देशात जाऊनच शिक्का घ्यायचा. ताई म्हणाल्या, "चला, बरं झालं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहेच. दोन्ही कामं होऊन जातील." मुंबईच्या वकिलातीची तारीख मिळाली, तिकीट काढलं.

न्यूअर्क एअरपोर्टला मीच सोडलं. गाडीत म्हटलं, तुमचीपण तालीम होऊन जाऊ दे. "व्हॉट यू डू, मॅडम?" त्यांनी एका दमात सांगितलं, "लोकांचे पैसे भलत्याच्या खात्यात जाऊ नयेत, ते बघते." मी म्हटलं, "अप्रूव्ह्ड!" आणि त्या नादात एक्झिट चुकलो. ताई म्हणाल्या, "साहेब, रस्त्याकडे बघा."

मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मी कढईपाशी. "भाऊ, तारीख पुढे ढकलली."

"किती?"

"पार उन्हाळ्यात."

बाहेर बर्फ पडत होता. मी हसलो. आमचं बोलणंच तसलं असायचं, मला वाटलं थट्टा करतायत. मग त्या म्हणाल्या, "खिडकीपर्यंतसुद्धा नाही गेली हो मी. नुसता मेल आला. कोणी काही विचारलंच नाही." झारा माझ्या हातात तसाच. घाण्यातली शेव काळी पडली, मालक ओरडत होता, मला दिसत होता पण ऐकू येत नव्हता. जगाला उत्तरं शिकवणारी बाई, आणि तिला प्रश्नच नाही?

कंपनीने काही दिवस नागपुराहून काम करू दिलं. त्या रात्रभर जागून इथल्या वेळेला काम करायच्या. इकडे अपार्टमेंटचं लीज संपलं. ताई म्हणाल्या, रिकाम्या घराचं भाडं कशाला, आल्यावर दुसरं बघू. मग व्हिडिओ कॉल लावून मी आणि बायकोने त्यांचं घर आवरलं. मी एकेक वस्तू फोनपुढे धरायची, त्या सांगणार, द्या, टाका, ठेवा. ऑफिसचा कोट धरला तर म्हणाल्या, "तो ठेवा. आल्या आल्या लागन." मी तो घालून दाखवला. बटण तुटलं. लांब तिकडे नागपुरात त्यांची आई हसलेली ऐकू आली.

मग एक दिवस दुकानात ऐन गर्दीत फोन. "भाऊ, लवकरची तारीख मिळाली. पुढच्या आठवड्यातली."

मी एवढ्याने ओरडलो, की साडी घ्यायला आलेल्या बायका शेजारच्या दुकानातून बाहेर आल्या. जिलेबीचं ताट उचललं आणि दिसेल त्याला वाटत सुटलो. मालक म्हणाला, "कापीन पगारातून." म्हटलं, काप! "ताई, फ्लाइट सांगा, मी न्यूअर्कला उभा."

"ऐकून घ्या न भाऊ. कंपनीने परवा काढून टाकलं. जास्त दिवस बाहेरून चालत नाही म्हणे."

मी ताट खाली ठेवलं. नोकरी नाही तर शिक्का कशाचा, एवढं मलासुद्धा समजलं. तरी म्हणालो, "मग तारीख?"

"सोडून दिली सकाळीच. कोणीतरी अडकलं असन माझ्यासारखं. त्याला भेटन ही तारीख."

समोर एक काकू जिलेबी खात उभ्या होत्या. बोटं चाटून मोठ्याने म्हणाल्या, "ताईंचाच फोन ना? माझं अभिनंदन सांगा हो त्यांना!"

ताईंनी ते ऐकलं. म्हणाल्या, "थँक्यू म्हणा त्यांना."

मी म्हटलं.