सुनंदाची अर्धी भिंत

माझी बायको अर्धी भिंत माझ्या गळ्यात टाकून गेली.

आज वर्ष झालं.

सकाळपासून फोन चालू आहेत. "काका, जेवलात का?" जेवलो बाबांनो. आता थोडं लिहू द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी आणि सुनंदा जुन्या देवळांची, जुन्या घरांची दुरुस्ती करायचो. सिमेंटला हात नाही, सगळं काम चुन्यात. "आम्ही लोकांना चुना लावतो," असं ती कुणालाही बिनधास्त सांगायची आणि स्वतःच हसायची.

ती पोलादपूरकडच्या कापडे गावची. इतकी वर्षं महाडात काढली, पण बोलणं शेवटपर्यंत माहेरचंच.

शेवटचं काम पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवर होतं. देवीचं छोटं देऊळ. मुंबईकर मंडळींनी प्रेमाने दर शिमग्याला भिंतीवर ऑइलपेंट चढवलेला. आत ओल कोंडून अख्खी भिंत फुगली होती.

रंग खरवडता खरवडता दिव्याच्या कोनाड्यावरची जुनी काजळी लागली. मी ब्रश घेतला, तर ही ओरडली.

"अहो, तिला हात लावू नका! ती घाण नाय, ती देवळाची हाय."

"काळी दिसतेय गं."

"दिसू दे. तुमचे केस पांढरे झाले, मी खरवडले काय?"

काजळी राहिली. अजून आहे.

आता घोटाईचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चुन्याचा शेवटचा थर ओला असतानाच गारगोटीने घासत राहायचं. थांबायचं नाही. भिंत मोठी असली की दोन माणसं दोन टोकांकडून निघतात आणि मध्ये भेटतात. भेटल्याची जागा कुणाला कळता कामा नये.

आमची गंमत अशी, की काम झालं की ती डोळे मिटून तळवा भिंतीवरून फिरवायची. कुठे सांधा लागला की लगेच, "सापडलात!"

मग मुकाट्याने परत घासायचं. चूक तिच्या बाजूची असली तरी सापडायचो मीच.

त्या दिवशी चुन्याचा मसाला अर्ध्या भिंतीपुरताच झाला. तिने तिची बाजू घोटून संपवली. माझी बाजू उद्यावर टाकली.

संध्याकाळी म्हणाली, "छातीत कसंतरी होतंय." डोंगर उतरून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी परत वर गेलो नाही.

घरी मागच्या अंगणात चुन्याचं पिंप आहे. चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका चांगला. पाणी आटलं की वाया. रोज सकाळी पाणी बघणं तिचं काम. वर्षभर मी बघितलं. कुकर लावायचं विसरलो, गॅसचं बुकिंग विसरलो, पण पिंपात पाणी घातलं. तो चुना तिने भिजवलेला होता.

घरात दुसरं कोण आहे बोलायला? चुन्याशी काय बोलणार, डोंबल!

गेल्या महिन्यात वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळातल्या विलासचा फोन आला. "काका, परत शिमगा आला. अर्ध्या भिंतीतून पावसात पाणी झिरपलं. तुम्हाला जमत नसेल तर सरळ टाइल्स मारू. वॉशेबल."

"टाइल्स तुझ्या बाथरूमला मार," म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पिंप टेम्पोत चढवून वर गेलो.

तिची बाजू तशीच होती, तुकतुकीत. कडेला, जिथे तिने हात थांबवला तिथे, ओल्या चुन्यात तिचा अंगठा उमटलेला.

आता नियम असा, की वाळलेली कड वीतभर तासून काढल्याशिवाय नवा चुना धरत नाही. म्हणजे अंगठा जाणार.

छिन्नी घेऊन बसलो. बसूनच राहिलो.

देवळाचे म्हातारे गुरव माझ्या शेजारी येऊन टेकले. "दादा, राहू दे तेवढं. सांधा दिसला तर दिसला. आमी कोण काय बोलणार नाय."

किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण सांधा राहिला की भेग पडणार. पुढच्या पावसात पाणी मागे शिरणार आणि तिचीच बाजू पापुद्र्यासारखी सुटून येणार.

"वैनी असत्या तर काय केलं असतं?" त्यांनी विचारलं.

"मला शिव्या घातल्या असत्या. म्हणाली असती, रडताय काय, तासा."

तासलं.

अंगठ्याचा तुकडा आधी खिशात घातला. मग काढला. जुना चुना ती कधी फेकायची नाही, कुटून नव्यात घालायची. मीही कुटला आणि मसाल्यात मिसळला. रडत रडत मिसळला, सांगायला लाज कसली!

एकट्याने घोटाई केली. समोरून कुणी येत नव्हतं. एरवी मध्यावर आलो की तिच्या बांगड्या जवळ ऐकू यायच्या. मी सवयीने दोनदा थांबलो.

काल भिंत पुरी झाली.

सुनंदा, मी डोळे मिटून तळवा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत फिरवला.

"दादा, लागला काय सांधा?" गुरवांनी विचारलं.

नाही लागला. तू जिथे थांबलीस ती जागा मलाही कळत नाही गं. आयुष्यात पहिल्यांदा इतकं चांगलं काम केलं, आणि तू सापडली नाहीस.

शिमग्याला पालखी त्या भिंतीपाशी बसेल.

जा आता, सुखाने जा. पिंप रिकामं झालंय.

तुझी आठवण काढणाऱ्या सगळ्यांकडून, आणि माझ्याकडून, नमस्कार.