अंगावर जायची परवानगी

आमच्या फ्रिजच्या दारावर कागद साठतात, तसे आमच्या ग्रुपमध्ये किस्से साठतात. कचऱ्याचं वेळापत्रक बघायला म्हणून एक चुंबक हलवावा, तर त्याखालून शाळेची सूचना, वीज कंपनीचं पत्र आणि पिझ्झावाल्याचं जुनं कूपन असं सगळं खाली येतं. किस्स्यांचंही तसंच होतं. म्हणून आज हाताला लागतील तसे सांगते, क्रम विचारू नका.

ग्रुप म्हणजे आम्ही जर्मनीतल्या कार्ल्सरूहेचे चौघं. मी आणि नवरा अमोल, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. शिल्पाताई नाशिकची, डेंटिस्ट. आणि योगेश, जो इथल्या युनिव्हर्सिटीत हेल्मेटवर पीएचडी करतोय. शेजारच्या शहरातल्या आइस हॉकी संघाचे आम्ही वेडे फॅन. रविवारी दुपारी जायचं, स्टेहप्लात्सवर म्हणजे उभ्याच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि परतीच्या ट्रेनमध्ये भांडायचं. वाद ठरलेले. ती टक्कर नियमात होती का? मारामारी बंद करावी का? कुणाचं डोकं फुटल्याशिवाय या लोकांना शहाणपण येणार नाही का?

मी मारामारीच्या बाजूची. सगळ्यात मोठ्याने ओरडते ती मीच, लपवायचं कशाला?

फक्त सप्टेंबरपासून फ्रिजवर एक फॉर्म येऊन बसला होता. आमची इरा बारा वर्षांची, क्लबच्या मुलांमध्ये खेळते. पुढच्या वयोगटात बॉडीचेक चालतो, म्हणजे खांदा लावून समोरच्याच्या अंगावर जायची रीतसर परवानगी. त्यासाठी आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. अमोलने त्याच दिवशी केली. माझी जागा रिकामी. लोकांच्या पोरांचे दात पडले की मी शिट्ट्या मारायची, आणि स्वतःच्या पोरीचा विषय निघाला की फॉर्मवर दुसरा कागद सरकवायची. हा दुटप्पीपणा मला कळत होता. पण म्हणून हात काही पेनकडे जात नव्हता.

*

शिल्पाताईची डिग्री इथे मान्य व्हायची आहे. दोन वर्षं झाली, कागद कुठल्या तरी टेबलावर पडून आहेत. तोवर तिला या देशात कुणाच्या तोंडात आरसासुद्धा घालता येत नाही. नाशिकला दिवसाला पंचवीस पेशंट बघणारी बाई! तिला रविवारी हॉलमध्ये आणणं म्हणजे उपाशी माणसाला लग्नाच्या पंगतीबाहेर उभं करणं.

एकदा आमच्या एका खेळाडूच्या तोंडावर पक बसला, म्हणजे खेळायची ती टणक रबरी चकती. तो बाकाकडे आला आणि ग्लोव्हमध्ये काहीतरी थुंकला. आम्ही डोळे मिटले. शिल्पाताईने फोन काढून झूम केला. दात मुळासकट आलाय, दुधात ठेवला तर परत बसतो, अर्धा तास आहे, असं म्हणत ती पायऱ्या उतरून पळालीच.

स्टॉलवर दूध नव्हतं. कॉफीबरोबर देतात त्या क्रीमच्या छोट्या डब्या होत्या. तिने मूठभर उचलल्या आणि खेळाडूंच्या गेटवर धडकली. गार्डने अदबीने विचारलं, आपण डॉक्टर आहात का?

आता इथे कुणीही हो म्हणालं असतं. शिल्पाताई थांबली, विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "इन बेआर्बायटुंग." म्हणजे, अर्ज प्रक्रियेत आहे.

गार्डने गेट लावून घेतलं. त्या क्रीमची कॉफी आम्ही मध्यंतरात प्यायलो.

*

योगेश मारामारीच्या कट्टर विरोधात. डोक्याला धक्का बसला की आत काय होतं, हे तो एकदा ट्रेनमध्ये आम्हाला डब्यातलं दही हलवून दाखवत होता. कवटी म्हणजे डबा, मेंदू म्हणजे दही. समोरच्या आजीबाई दोन स्टेशनं बघत होत्या, मग उठून दुसऱ्या डब्यात गेल्या.

माझ्या फॉर्मवर त्याचं मत स्पष्ट होतं. सही करू नकोस. मला तो आपला माणूस वाटायचा.

मग ती बरोबरीत चाललेली मॅच आली. शेवटच्या मिनिटाला आमचा गोल झाला आणि योगेश उडाला. वर गेला तो पायरीवरून, खाली आला तो दोन पायऱ्या सोडून. मनगट मोडलं. बर्फावर त्या दिवशी दोन मारामाऱ्या आणि पाचेक टकरा झाल्या होत्या, सगळे धडधाकट घरी गेले.

हॉस्पिटलमध्ये फॉर्म भरणाऱ्या नर्सने विचारलं, दुखापत कशाने? योगेश विव्हळत म्हणाला, आइस हॉकी. तिने आदराने वर पाहिलं. कुठल्या पोझिशनला खेळता?

अमोल म्हणाला, "स्टेहप्लात्स."

*

अमोलचाही एक आहे. एका रविवारी सकाळी सगळे आमच्याकडे पोह्यांना जमले होते. आदल्या आठवड्यातली टक्कर नियमात होती की कोपर लागलं होतं, यावरून जुंपली. अमोलचं म्हणणं होतं की बोलून समजत नाही, करून दाखवायला हवं. त्याने योगेशला, म्हणजे एक हात प्लास्टरमधल्या योगेशला, फ्रिजपाशी उभं केलं. योगेशने नियमाप्रमाणे सावध पवित्रा घेतला. अमोल बाल्कनीच्या दारापासून पळत आला.

योगेश बाजूला सरकला!

कढई, भांड्यांचं रॅक आणि अमोल एकाच वेळी जमिनीवर आले. इथे रविवारी घरात ड्रिल चालवलेलंही चालत नाही, आणि आमच्या खालच्या मजल्यावर तर नियम तोंडपाठ असलेल्या निवृत्त बाई राहतात. अर्ध्या तासाने दाराखालून चिठ्ठी आत आली. अक्षर सुरेख. मजकूर असा, की आपल्या घरगुती भांडणात मला पडायचं नाही, मात्र ती कृपया सोमवार ते शनिवार करावीत.

*

नोव्हेंबरात माझे सासरे आले, तीन महिन्यांसाठी. अण्णा सांगलीकडचे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली, आणि तरुणपणी तालमीत घुमले. अजूनही शर्टाच्या खिशाला पेन आणि मान बैलासारखी.

त्यांना मॅचला न्यावं की नाही, यावर घरात बैठक झाली. म्हातारा माणूस, रक्त बघून बीपी वाढलं तर? शेवटी नेलं. दुसऱ्याच सत्रात दोघांनी ग्लोव्ह फेकले आणि एकमेकांच्या जर्सी धरल्या. मी नेहमीप्रमाणे किंचाळणार, तेवढ्यात सुनेच्या भूमिकेची आठवण होऊन गप्प बसले. शेजारी अण्णा पुढे वाकून बघत होते. एकजण पाठीवर पडला, तशी पंचांनी मध्ये पडून दोघांना सोडवलं.

अण्णांनी मान डोलावली. "चितपट झाला की सोडतात व्हय? मग कायद्यात आहे की."

नंतर त्यांनी शेजारच्या एका जर्मन आजोबांना पकड कशी चुकली ते हातवारे करून सांगितलं. जर्सी काय धरतोस, मान धर, असा एकूण आशय. आजोबा निवृत्त ट्रामचालक, मराठीचा गंध नाही, तरी मध्यंतरापर्यंत दोघं एकमेकांची मनगटं धरून उभे. लोक बाजूने वाट काढत होते.

घरी येऊन अण्णांनी फ्रिजवरचा फॉर्म चष्मा लावून न्याहाळला. जर्मन त्यांना येत नाही, पण रिकामी जागा कळली.

"तुझी राहिली का गं?"

मी म्हटलं, अहो अण्णा, लागलं बिगलं तर? त्यांनी चष्मा डबीत ठेवला आणि चहा मागितला. मला राग आला. या माणसाने एकदा तरी म्हणावं, की भीती वाटणं साहजिक आहे.

*

मग लागलंच. प्रॅक्टिसमध्ये इरा पडली आणि खांदा काळानिळा झाला. मी रात्रभर मनात फॉर्म फाडला. अण्णांनी गावाहून आणलेली आंबेहळद उगाळून लेप लावला. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब तशाच प्रॅक्टिसला गेल्या आणि पांढरी जर्सी खांद्यावर पिवळी करून आल्या.

मी ती साबणात भिजवली. हळदीला साबण लागला की काय होतं, हे सोळा संस्कारांसारखं माहीत असायला हवं होतं मला. पिवळा डाग लालभडक झाला! तो उन्हात उडतो, पण नोव्हेंबरात इथे ऊन कुठून आणायचं? मी जर्सी दोरीवर टाकून ऑफिसला गेले, आणि इराने ती उचलून बॅगेत कोंबली.

संध्याकाळी ट्रेनरचा फोन. मुलीच्या खांद्यातून रक्त येतंय असं समजून त्याने प्रॅक्टिस थांबवली होती, फर्स्ट एडवाल्याला बोलावलं होतं. इराने सांगितलं ही हळद आहे, तर त्याला ते पटलं नव्हतं. मी त्याला सगळं समजावलं. मार लागला की आमच्यात लावतात, आमटीत घालतो तीच ही नव्हे, पण तिची बहीण.

"आल्झो," तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही जखमेला मसाला लावता?"

जर्सी त्याने क्लबच्या लाँड्रीत टाकली. प्रकरण मिटलं असं मला वाटलं.

*

फॉर्म देण्याची शेवटची तारीख शनिवारची होती. त्या सकाळी क्लबमधल्याच मुलांचे दोन संघ करून मॅच होती, पांढरे आणि निळे. इराला अमोल आधी घेऊन गेला. मी आणि अण्णा मागून ट्रामने, उशिरा. फॉर्म माझ्या पर्समध्ये, सही न केलेला. मी ठरवूनच गेले होते, की ट्रेनरला शांतपणे नाही सांगायचं.

पोचताच मी इराचा एकोणीस नंबर शोधला. बर्फावर दिसला नाही. म्हणजे बाकावर बसवली असेल, खांद्यामुळे. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पांढऱ्या संघातला चार नंबर सुसाट आला आणि त्याने एका निळ्या मुलाला खांदा लावून असं कडेच्या फळीवर आदळलं, की काच हादरली. या गटात बॉडीचेकला बंदी आहे! माझं डोकंच फिरलं. मी काचेवर मुठी आपटल्या. श्ट्राफे, श्ट्राफे! शिक्षा करा! दोन नाही, पाच मिनिटं द्या! हाकलून द्या बाहेर! असल्या पोरांना घरी कुणी वळण लावतं की नाही?

माझ्या शेजारच्या बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. "गेनाऊ! गेनाऊ!" म्हणजे, अगदी बरोबर! तो निळा मुलगा त्यांचाच होता. आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला.

मुलगा उठला, हसत हसत पुढे गेला. चार नंबरला दोन मिनिटं शिक्षा झाली. पोर शिक्षेच्या बाकावर जाऊन बसलं, हेल्मेट काढलं, आणि आतून दोन वेण्या बाहेर पडल्या. सकाळी मीच घातलेल्या.

एकोणीस नंबर लाँड्रीत होता.

अण्णा शांतपणे म्हणाले, "चालीवरनं ओळखली नाहीस? मी तर आल्या आल्या बघितलं."

मी बाईंचा हात सोडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाकावरच्या इराकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. इराने काचेआडून मला हात केला. खांदा अगदी व्यवस्थित वर जात होता.

मॅच संपल्यावर ट्रेनर फॉर्म गोळा करायला आला. बाईंनी पर्समधून आपला काढला. त्याच्यावरही एक जागा रिकामी होती. त्यांनी ट्रेनरला एकच प्रश्न विचारला, ती मुलगीसुद्धा पुढच्या गटात येणार का?

ट्रेनर म्हणाला, तिच्या आईची सही राहिली आहे.

दोघंही माझ्याकडे वळले.

"आधी तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. "मग मी."

अण्णांना यातला एक शब्द कळला नसणार. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

मी सही केली.

बाईंनी आपल्या फॉर्मची नीट चार पदरी घडी घातली आणि तो परत पर्समध्ये ठेवला.