रडायचं राहून गेलं होतं

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की तारनाक्याचं ते चर्च आठवतं. आई जाऊन महिना झाला होता. भेटायला येणाऱ्यांचा चहा करण्यात माझं रडायचंच राहून गेलं होतं. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर सहज गेले, तर पुढच्या बाकावर एक म्हाताऱ्या सिस्टर एकट्याच रडत होत्या. आमच्याकडे कुणी रडलं की आधी पाणी देतात, म्हणून मी बाटली पुढे केली आणि म्हणाले, "रोओ नक्को, सिस्टर." ओल्या चेहऱ्यानेच त्या हसल्या. "दुख नहीं बेटा. बातां खतम हुए तो मैं ऐसेच दुआ करती." पाणी त्यांनी घेतलं नाही, सरकून जागा दिली. मी बसले, आणि मग मलाही दुआ करता आली. आता घरात कुणी रडलं, तर मी पाण्याला उठत नाही. शेजारी जाऊन बसते.