तिसऱ्या डिस्कचा लाल दिवा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? संगणक दुरुस्त करणारा म्हणून चौक गावात माझं बऱ्यापैकी नाव होतं. ते मी एका सकाळीत धुळीला मिळवलं!

वंदनावहिनींचा लग्नाचे फोटो आणि फिल्म काढायचा स्टुडिओ आहे. साऱ्या पंचक्रोशीची लग्नं त्यांच्या एका पेटीत. पेटी म्हणजे चार हार्ड डिस्क बसवलेलं स्टोरेज. समोर चार दिवे. पांढरा असेल तर डिस्क ठीक, लाल झाला तर गेली. आदल्या दिवशी स्टुडिओत सत्यनारायण होता, म्हणून पेटी बंद ठेवलेली. मीही पूजेत भरपूर मिरवलो, शिरा तीनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनींचा फोन. "भाऊजी, लवकर या! पेटी चालू केली तर तिसरा दिवा लाल!"

धावत गेलो. तिथे लोधिवलीचे तुकाराममामा खुर्चीत बसलेले. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली त्यांची लेक बारा वाजता साताऱ्याला परत निघणार होती. लग्नाची फिल्म तिला सोबत न्यायची होती.

"आमची फिल्म तेवढी काढून दे रं," मामा म्हणाले.

"कुणी हात लावायचा नाही!" मी गरजलो. "डिस्क जायला आलीय. आधी सगळ्याची प्रत, मग चाचणी, मग फिल्म!"

इथपर्यंत मी शहाणाच होतो हो! तीन तास लावून प्रत काढली, कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग चाचणी. तीही नुसती वाचून बघणारी. डिस्कवरचं पुसून नव्याने लिहिणाऱ्या चाचणीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

निकाल आला. डिस्क ठणठणीत.

आणि दिवा? लाल!

पुन्हा चाचणी. ठणठणीत. पेटी बंद केली, तिसरी डिस्क काढून घट्ट बसवली, वायर बदलली. डिस्क ठणठणीत, दिवा लाल! माझं डोकं गरगरायला लागलं. खोटं कोण बोलतंय? शेवटी मी जाहीर केलं, चाचणीच बिघडली आहे! हसताय काय? मला तेव्हा अगदी पटलं होतं.

"मशीन म्हनतीय मी बरी हाय," मामा म्हणाले, "मग तू कशाला तिला आजारी पाडतोस?"

"मामा, यातलं तुम्हाला नाही कळायचं."

बाहेर जावयाच्या गाडीचा हॉर्न वाजला. साडेबारा झालेले. लेक दारात आली. "बाबा, नाय ना झालं? जाऊ दे मग." तिचा चेहरा एवढासा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा उठले. पेटीपाशी वाकले. अंगठ्याने दिवा पुसला.

दिवा पांढरा! अंगठा लाल!

"कुकू हाय रं हे. आमच्या ट्रॅक्टरच्या दिव्याला बी लावत्यात पूजेला. मी आधी पुसतो, मंग चालवतो."

वहिनी सावकाश माझ्याकडे वळल्या. कारण आदल्या दिवशी ओल्या कुंकवाची वाटी घेऊन प्रत्येक यंत्राला टिळे लावत कोण फिरत होतं? मीच की!

फिल्म पाच मिनिटांत पेन ड्राइव्हवर गेली. लेक हसत गाडीत बसली.

पुढच्या पूजेला मी वाटीकडे हात नेला, तर वहिनींनी ती आधी उचलली आणि टिळा माझ्याच कपाळाला लावला.

"इथे लावलेला बरा," त्या म्हणाल्या. "इथला दिवा लाल दिसला, तर चाचणीची गरज नाही!"