चित्रातल्या जवानांची खुशाली

चित्रकलेतलं मला काही कळत नाही. तरी लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. संग्रहालयातही पहिल्यांदा गेलो तो थेट माहिती सांगायला.

जयपूरच्या संग्रहालयात एका चित्रकाराच्या युद्धचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. आमच्या कॉलेजची मुलं तिथे मदतीला जायची. त्या रविवारी आदर्श नगरातली मराठी मंडळी येणार होती, म्हणून कॉलेजच्या मॅडमनी मला पुढे केलं.

मंडळींबरोबर माझी आईही आली. दादा फौजेत, सीमेवर. आठवडाभर त्याचा फोन नव्हता. आई घरी मोबाईलकडे बघत बसायची. बाहेर पडून तेवढाच तिला विरंगुळा होईल, म्हणून मीच तिला चल म्हटलं होतं. युद्धाची चित्रं बघायला! अक्कल माझी.

पहिल्या चित्रात खंदकात एक जवान पडलेला. मी पाठ केलेलं सुरू केलं, "इथे लाल रंग म्हणजे..."

"ह्याचं पुढं काय झालं रे?" आईनं विचारलं.

पाठांतरात तो मेला होता. पण आईच्या मुठीत मोबाईल होता.

"बरा झाला," मी म्हणालो. "मतलब, पायाला लागलं होतं नुसतं."

मग थांबता येईना. दुसऱ्याला रजा मिळाली. तिसऱ्याला डोकंच नव्हतं.

"अरे, ह्याचं डोकं?" बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारलं.

"वाकलाय, काका. बुटाची नाडी बांधतोय."

"लग्न झालंय का त्याचं?" एका काकूंनी विचारलं.

"ठरलंय."

शेवटच्या चित्रात मैदानभर माणसं आडवी पडलेली. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"दमलेत," मी म्हणालो. "झोपलेत."

"झोपू दे बिचाऱ्यांना," आई हळूच म्हणाली. सगळी मंडळी पाय न वाजवता बाहेर पडली.

मागे मॅडम उभ्या होत्या. "तुमने तो पूरी लड़ाई ही रद्द कर दी!"

बसस्टॉपवर आईचा मोबाईल वाजला. दादाच! वर चौकीवर नेटवर्क नव्हतं, आज खाली आलाय. बरा आहे, पायाला थोडं लागलंय.

आईनं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि फोनवर दादाला म्हणाली, "खरं सांग. धाकट्यासारखं नको सांगूस."

तेव्हा दादानं व्हिडिओ कॉल लावला आणि नव्या बुटानं आलेला अंगठ्यावरचा फोड दाखवला.