पसंतीचा माल

कणीक भिजवून झाली होती आणि चारुशीला लेकीच्या, उन्नतीच्या डब्यासाठी पहिली पोळी तव्यावर टाकत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल होती, तरी थाप.

"सकाळी सकाळी कोण दार तोडून राहिलं वं?" आतून सासूबाई म्हणाल्या.

दारात शालिकरामजी उभे. इतवारी बाजारातले भांड्यांचे व्यापारी, एरवी घामाचा थेंब दिसू न देणारा माणूस. आज शर्टाचं बटणसुद्धा चुकीच्या काजात होतं.

"मॅडम, तुमच्या मदतनिसानं मौद्याच्या लग्नघरातून माल वापस बोलावला! मांडव सजून आहे अन् आंदणाचे भांडे टेम्पोत!"

चारुशीलानं गॅस बंद केला.

मराठीत एम.ए. झालेली चारुशीला लग्नानंतर घरीच होती. औषधांच्या माहितीपत्रकांचे अनुवाद करता करता ती एका नव्याच कामाला लागली. दुकानांसाठी एआयचा मदतनीस बनवणारी गावातली एक छोटी कंपनी तिला वर्णनं लिहायला देई. मदतनिसाच्या हाती साधनं असतात: एक बिल करतं, एक गाडी पाठवतं, एक निरोप देतं. कोणतं कधी वापरायचं, हे तो त्या साधनाखाली लिहिलेलं वर्णन वाचून ठरवतो. त्याला ना दुकान दिसतं, ना गिऱ्हाइकाचा चेहरा. शालिकरामजींच्या दुकानाची सगळी वर्णनं चारुशीलानं लिहिली होती, फोनवर विचारून.

लॅपटॉप उघडून तिनं स्वतःचं वाक्य वाचलं. "बिलापेक्षा जास्त गेलेला माल परत मागवण्यासाठी हे साधन वापरावे."

"शालिकरामजी, मौद्याच्या मालाचं बिल झालं होतं?"

"कसं होईल? आंदणाचा माल पसंतीवर जाते. पाच पाहिजे तर पंधरा पाठवतो. मांडवात मावश्या-आत्या निवडतात, उरलेले वापस येतात, मंग बिल. बापजाद्यापासून असंच आहे."

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. बिलच नव्हतं, म्हणजे मदतनिसाच्या हिशेबी सगळाच माल जास्तीचा. त्यानं अगदी तिनं सांगितलं तेच केलं होतं.

शालिकरामजींचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडे नवरीची आई, अनुसयाबाई.

"भाऊ, भरल्या मांडवातून भांडे उचलून नेले जी तुमच्या पोरानं! माणसं पाहून राहिले. पैसे नसतील दिले म्हणतात. व्याही पोचतीलच आता. मी काय सांगू त्याईले?"

"गाडी वळवतो, ताई. वळवतोच," असं म्हणत ते ड्रायव्हर दुर्गेशला फोन लावत राहिले. तो गाडी चालवताना फोन उचलत नसे. मदतनिसाचा निरोप मात्र त्याच्या मोबाइलवर मोठ्यानं वाचला जाई.

चारुशीलानं मदतनिसाला लिहिलं, "मौद्याची गाडी वळवून माल लग्नघरी पोचव."

उत्तर आलं, "परतीचा माल आधी दुकानात जमा होणे आवश्यक आहे. त्यानंतर नवीन ऑर्डर घेता येईल."

हेही तिचंच वाक्य. हिशेब चोख राहावा म्हणून लिहिलेलं.

"काय म्हणते तो?" शालिकरामजी स्क्रीनवर वाकले. "दुकानात? तोवर वरात येऊन जाईन ना! काहून मी हे लचांड गळ्यात घेतलं!"

"बसा तुम्ही," सासूबाईंनी त्यांच्या पुढ्यात पाणी ठेवलं. "तिले लिहू द्या."

चारुशीलानं दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. आपल्याला ठाऊक आहे ते याला ठाऊक नाही, असं स्वतःला बजावत तिनं पुन्हा सुरुवात केली.

"पसंतीवर गेलेल्या मालाचे बिल निवड झाल्यावरच होते. बिल नाही म्हणून तो माल जास्तीचा समजू नये. घरच्यांनी स्वतः 'उरलेला घेऊन जा' असे कळवल्याशिवाय हे साधन वापरू नये. चुकून परत बोलावलेला माल दुकानात जमा करायचा नाही. चालकाला निरोप देऊन गाडी वाटेतूनच वळवावी."

जतन केलं. तोच हुकूम पुन्हा दिला. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. शालिकरामजींनी हात जोडले होते, देवाला की लॅपटॉपला, कळत नव्हतं.

"चालकाला निरोप दिला आहे."

मग दुर्गेशचाच फोन आला. "मालक, आता म्हणते वापस मौद्याले जा. पक्कं ना? मांडवातून भांडे उचलताना बायांनी लई शिव्या देल्या मले."

"जा रे बाबा, जा! आणखी दोन खाऊन घे, पण पोचव!"

अनुसयाबाईंचा फोन येईपर्यंत शालिकरामजी तिथेच बसून राहिले. उन्नती शाळेत बिनडब्याचीच गेली. शेवटी फोन आला तेव्हा मागे वाजंत्री ऐकू येत होती. व्याही वेशीवर होते, आणि मावश्या भांडी मांडून बसल्या होत्या. "पण भाऊ, चार लोकांत माझी मान खाली गेली ते गेलीच," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

शालिकरामजींनी बटण नीट लावलं. "बाकीचे वर्णनंही आजच दुरुस्त करून टाका, मॅडम. काय अडते ते मले फोनवर विचारा."

"फोनवर नको," चारुशीला म्हणाली. "मला एक दिवस तुमच्या दुकानात बसू द्या."